बाजू बदलली की चिन्ह बदलतं

वसुधाबाईंनी डस्टर उचललं आणि फळ्यावरचा तराजू पुसून टाकला. गंधाली मॅडमनी काल काढलेला. चांगला रगडून पुसला.

गंधाली मॅडम गणितज्ञ. एका मोठ्या संस्थेतून भांडुपच्या या शाळेत आल्या होत्या, बाईंसोबत बसून बीजगणिताचे पाठ नव्याने बेतायला. पाठ दोघींनी मिळून ठरवायचे, शिकवायचे आळीपाळीनं. पण मधल्या सुट्टीत पोरांचा गराडा पडायचा तो मॅडमभोवती. कल्पिता म्हणजे बाईंची सगळ्यात लाडकी. तीसुद्धा परवा म्हणाली,

"मॅडम, समीकरण मला आत्ता कळलं!"

आत्ता? मग इतके दिवस बाई काय भजनं म्हणत होत्या? असा जळफळाट झाला की त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

आज इतर शाळांचे शिक्षक पाठ बघायला येऊन मागच्या बाकांवर बसले होते. पाळी बाईंची होती. तराजूनंच शिकवायचं, म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखंच करत जायचं, असं दोघींचं ठरलेलं. मेला तराजू! बाईंनी फळ्यावर लिहिलं, 3x = 12.

"आपला नियम म्हणा बरं."

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं!" वर्ग एका सुरात ओरडला.

बाईंनी मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमकडे मुद्दाम बघितलं.

"कल्पिता, ये. सोडव."

कल्पितानं तीन पलीकडे नेला, त्याच्या आधी उणे लावलं, आणि बाराला भागलं. x = −4.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अगं, उणे कुठून आणलंस?"

"बाजू बदलली ना, बाई. तुम्हीच सांगता, चिन्ह बदलायचं." पोर रडकुंडीला आली.

बाईंची इतक्या वर्षांची अब्रू गेली, तीही चारचौघांत. तेवढ्यात गंधाली मॅडम उठल्या.

"चूक माझी आहे. दोन पद्धती मी एकदम आणल्या, मुलं गोंधळली. बाईंचा यात काही दोष नाही."

"तरीच!" मागून एक सर म्हणाले. माना डोलल्या. बाई सुटल्या होत्या, आता नुसतं गप्प राहायचं होतं.

पण सगळे मॅडमकडे बघत होते, कौतुकानं. कल्पितासुद्धा.

"बसा हो खाली!" बाई कडाडल्या. "वर्ग घेतलात, पोरं घेतलीत. आता माझी चूकपण तुम्हीच घेणार? हे मी शिकवलंय. मी!"