तेविसावा अंक पलीकडे आहे

खट्.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. वीज गेली होती, त्यामुळे पंखासुद्धा गप्प होता. ओटीवर आजोबांचा डोळा लागला होता आणि मागच्या पडवीत मेघना चादरींच्या घड्या घालत होती. अशा शांततेत पत्र्याच्या ट्रंकेची कडी वाजली आणि दोन लहान हातांनी मला वर काढलं. हातांना चिवड्याचा वास होता.

"शूऽऽ," हातांची मालकीण म्हणाली. जणू मीच ओरडणार होतो.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझ्याजवळ जी वाक्यं आहेत ती सगळी छापलेली, आणि तीही दुसऱ्यांच्या तोंडची. 'वादळ्या' नावाच्या चित्रकथेचा मी चोविसावा अंक. बत्तीस पानं आणि दोन पिना, एवढाच माझा संसार. मुंबईच्या एका छापखान्यात मी जन्मलो तेव्हा माझ्या अंगाला ओल्या शाईचा वास होता. वसई स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्यानं मला दोरीवर चिमट्यानं टांगलं, आणि त्याच संध्याकाळी दोन मुलांनी एकदमच माझ्यावर हात टाकला. एक उमंग, दुसरा तेजस. चुलत भाऊ, पण वसईजवळच्या होळी नावाच्या गावात एकाच छपराखाली, एकाच पंगतीत वाढलेले.

ते माझे कौतुकाचे दिवस. दोघं केळीत पालथे पडून मला वाचायचे. तेजस वादळ्या व्हायचा, उमंग बाकीचे सगळे. आमच्या मालिकेची एक रीत होती. प्रत्येक गोष्ट दोन अंकांची. विषम अंकात वादळ्या सापळ्यात सापडायचा आणि शेवटच्या चौकटीत 'क्रमशः' यायचं. सम अंकात तो सुटायचा. म्हणजे मी जन्मापासूनच जोडीतला. माझा पहिला अर्धा भाग म्हणजे तेविसावा अंक. ट्रंकेत आम्ही पाठीला पाठ लावून झोपायचो.

मालिका पुढे दीडशेच्या वर गेली असं ऐकतो. आमच्या घरात छत्तीसच अंक आले, कारण छत्तिसाव्यानंतर घरच दोन झालं.

उमंगचे वडील दिनानाथ, म्हणजे आता ओटीवर झोपलेले आजोबा, आणि तेजसचे वडील दयाराम, या सख्ख्या भावांत काहीतरी झालं. काय झालं ते मला ठाऊक नाही, मी ट्रंकेत होतो. पण वाटणी मात्र माझ्यासमोर झाली. त्यांचे म्हातारे वडील अंगणात बसले. कुणावर अन्याय नको म्हणून त्यांनी माडांना चुन्याचे पट्टे मारले आणि ओळीनं म्हणत गेले, "हा दिनानाथचा. हा दयारामचा. हा दिनानाथचा." मग पाट, मग घागरी. शेवटी आमची ट्रंक.

"आजोबा, यांच्या जोड्या आहेत. जोड्या तरी तोडू नका!" उमंग रडत म्हणाला.

"माडांना होत्या का जोड्या? कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको," म्हातारे म्हणाले, आणि एकेक अंक उचलायला लागले. पहिला तिकडे, दुसरा इकडे. तिसरा तिकडे, चौथा इकडे.

इतक्या सरळ मनाने इतकी वाकडी गोष्ट मी पुन्हा पाहिली नाही. तेजसच्या घरी सगळ्या सुरुवाती गेल्या, उमंगच्या घरी सगळे शेवट राहिले. वाडीतून तारेचं कुंपण गेलं. फक्त मधल्या बावखलाची, म्हणजे बागेला पाणी देणाऱ्या जुन्या तळ्याची, वाटणी कुणाला जमली नाही. ते तसंच राहिलं. कुंपण त्याच्या काठाशी येऊन थांबतं आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा सुरू होतं.

त्याला आता बावीस वर्षं झाली. दयाराम गेले. तेजस नोकरीसाठी मस्कतला गेला. उमंग वालीवच्या एका कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं. वसईतल्याच एव्हरशाईन सिटीच्या इमारतींत वाढलेली मेघना या घरात आली तेव्हा तिनं एकदाच विचारलं होतं, "पलीकडच्यांशी का बोलत नाही आपण?" सासरे म्हणाले, "बोलत नाही. बस." उमंग म्हणाला, "सोड ना." ती गोष्टीच्या मध्यातच आली होती, आणि मागचं कुणी सांगितलं नाही. तिनंही मग विचारणं सोडलं.

मी ट्रंकेत पिवळा पडलो. एक पिन गंजली.

आणि या दिवाळीत आठ वर्षांच्या क्षितिजानं मला शोधून काढलं.

तिची शाळा इंग्रजी. मराठी वाचायचं म्हटलं की तिचं पोट दुखायचं. मेघना रात्री भांडी आवरून पुस्तक घेऊन बसायची आणि दोन ओळींत पोरगी झोपायची. पण मला तिनं बोट ठेवून, अक्षरं जोडत, चार दिवस वाचलं. चौथ्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "बाबा, ही पिवळ्या रेनकोटवाली कोण आहे?"

माझ्या शेवटच्या पानावर वादळ्या एका गच्चीवर उभा आहे, हाताला पट्टी बांधलेली. पिवळा रेनकोट घातलेली एक बाई त्याला विचारते, "तू मला का वाचवलंस?" आणि खाली बारीक अक्षरांत छापलंय, 'पाहा : अंक २३.'

उमंगचा घास हातातच राहिला. "हे मधूनच कुठून काढलंस? वादळ्या पहिल्या अंकापासून वाचायचा असतो. नाहीतर काही कळत नाही."

"मग द्या ना पहिला."

"तो... पलीकडे आहे."

"मग तेवीस?"

"तोही पलीकडेच."

"मग मी आणून—"

"क्षितिजा!" आजोबांनी ताटावर तांब्या आपटला. "त्या घराचं नाव जेवताना नको. आणि जेवण झाल्यावरही नको. कुंपण ओलांडणाऱ्याला या घराचं दार बंद, ते लहान असो की मोठं."

मेघनानं मान खाली घालून सगळ्यांना भात वाढला.

मित्रांनो, नवखा माणूस एवढंच विचारतो, 'मी कुठून सुरू करू?' आणि जाणकार त्याला अशा दारापाशी नेतात जे उघडतच नाही. मी सांगतो, जो अंक हाती येईल तिथून सुरू करा. मागचं हवंसं वाटायला लागलं की पाय आपोआप मागे वळतात.

तर त्या दुपारी, उमंग कामावर गेलेला असताना, क्षितिजाचे पाय वळले. तिनं मला ट्रंकेतून काढलं ते तेविसावा आणायलाच.

रस्त्यानं जायचं तर ओटीवरून, आजोबांच्या समोरून जावं लागलं असतं. म्हणून मेघनाची पाठ वळलेली पाहून ती मागनं केळीतून बावखलाशी आली. पाऊस जाऊन महिना झाला होता, पाणी काठोकाठ आणि हिरवंगार. मोटर दुरुस्त करणाऱ्यांनी कधीतरी विजेचा जुना सिमेंटचा खांब काठापासून काठापर्यंत आडवा टाकला होता. रुंदी एका पावलाची. वर शेवाळ.

कागदाला पाण्याची भीती कशी असते ते तुम्हाला कसं सांगू? तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच माझी पानं थरथरली. तिला वाटलं वारा आहे.

चार पावलं, पाच. मध्यावर तिचा डावा पाय सटकला.

ती खांबावर आडवी आदळली. एक चप्पल सुटून पाण्यात पडली, मीही पडणार तोच तिनं मला दातात पकडलं. हो, दातात. माझ्या मुखपृष्ठावर, वादळ्याच्या खांद्यापाशी, चार दातांच्या खुणा आहेत त्या तिथल्या. खांबाला मिठी मारून, मुसमुसत, इंच इंच सरकत ती पलीकडे पोचली. गुडघा फुटला होता.

तेवढ्यात मागून हाक आली. "क्षितू?"

साधी हाक होती. पाणी पी, केस विंचर, अशी रोजची.

"क्षितूऽ! कुठे गेलीस गं?"

क्षितिजा केळीच्या खुंटामागे दबून बसली. आता ओ दिली तर कुंपण ओलांडलेलं कळणार. घराचं दार बंद होणार. तिनं मला छातीशी धरलं, आणि तिचं काळीज माझ्या पानांवर धडधडायला लागलं.

"क्षितिजाऽऽ!"

तिसऱ्या हाकेत काहीतरी फाटलं. मेघना काठावर आली होती. तिला तरंगती चप्पल दिसली.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पोर इथे आहे, केळीमागे आहे, फक्त गुडघा फुटलाय, एवढंच सांगायचं होतं. माझ्या पोटात बत्तीस पानं भरून संवाद आहेत, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

मेघनाला पोहता येत नाही. तरी ती साडीसकट पाण्यात उतरली. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. दोन्ही हातांनी ती पाण्याखालचा गाळ चाचपत होती. "बाबा! बाबा, लवकर या हो!"

आजोबा धावत आले. बाहत्तर वर्षांचे, अनवाणी. त्यांनी चप्पल पाहिली. हातातली काठी त्यांनी पाण्यात खुपसली, पुन्हा काढली, पुन्हा खुपसली.

"मेघना, आणखी पुढे जाऊ नको, पुढे खोल आहे..."

ती गेली. पाणी गळ्याशी आलं.

आणि क्षितिजा? तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. भीतीनं ती माझ्याइतकीच मुकी झाली होती.

"कोण गो तू? इथे काय करतेस?"

मागे विमलाकाकी उभ्या होत्या, दयारामांच्या पत्नी, हातात फुलांची परडी. क्षितिजानं मान वर केली. बाईंनी तिचं नाक पाहिलं, कपाळ पाहिलं, आणि मग मला पाहिलं. मला त्यांनी लगेच ओळखलं. त्याच वेळी पाण्यातून मेघनाची किंकाळी आली.

त्या एका क्षणात काय काय झालं असेल त्यांच्या मनात! बावीस वर्षं. नवरा गेला तेव्हासुद्धा कुंपणापलीकडून कुणी आलं नव्हतं. परडी खाली पडली. बाईंनी पोरीला उचलून काठावर नेलं आणि छातीतला सगळा वारा काढून ओरडल्या,

"दादाऽऽ! ओ दादा! पोर माझ्याकडे आहे! सुखरूप आहे! सुनेला बाहेर काढा!"

आजोबांची काठी पाण्यातच राहिली. ते होते तिथेच मटकन खाली बसले.

मेघना कशी पुढे सरकली, खांबाला कशी धरून आली, ते मला नीट दिसलं नाही. ती आम्ही होतो त्या काठाच्या पायऱ्यांवर चढली तेव्हा केसांत शेवाळ होतं. तिनं पोरीला आधी एक सणसणीत चापट मारली आणि मग असं कवटाळलं की मी दोघींच्या मध्ये चिंब भिजलो. पाण्याची एवढी भीती बाळगलेला मी. पण खरं सांगतो, त्या ओलीचं मला काही वाटलं नाही.

विमलाकाकींनी टॉवेल आणला, हळद आणली. मग एक प्लास्टिकची पिशवी आणली. तेजस दर सुट्टीत येऊन ती उघडतो, पुन्हा बांधून ठेवतो, असं म्हणाल्या. "मोठा झाला, मिश्या आल्या, तरी विचारतो, चोविसावा अजून असेल का गं त्यांच्याकडे, आई?"

पिशवीतून तेविसावा निघाला. त्याच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. क्षितिजानं मला त्याच्याशेजारी ओटीवर उन्हात ठेवलं. आम्ही एकमेकांना काय म्हणालो ते राहू दे. माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. आम्हाला हवं तेवढं वाचा, दातात धरा, दुमडा, पण जे एकत्र शिवलेलं आहे ते मोजून वेगळं करू नका. बरोबरीत वाटलेलंही तुटतं.

कुंपणाशी आजोबा येऊन उभे राहिले होते. तारेच्या त्या बाजूनंच बोलले. "मेघना, चल. ओल्या अंगानं कुणाच्या दारात बसू नये."

"मेघना, त्यांना सांग, टॉवेल दिलाय," विमलाकाकी म्हणाल्या. "माझ्या दारातून कुणी ओलं जात नाही."

"मेघना, तिला सांग, आमच्याकडेही टॉवेल आहेत."

"सांग त्यांना, काठी तरंगत चाललीय त्यांची. टॉवेल मोजत बसण्यापेक्षा ती पाहा म्हणावं."

आजोबांनी वळून पाहिलं. काठी खरंच मध्यावर गेली होती.

विमलाकाकींनी मेघनापुढे चहाचा कप ठेवला. मेघनानं कपाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. ओलांडणाऱ्याला दार बंद, हे तिनंही ऐकलं होतं.

"दहा मिनिटं, बाबा," ती म्हणाली. "तिचं वाचून होऊ दे." आणि तिनं कप उचलला.

आजोबा गेले नाहीत. तार हातात धरून उभे राहिले.

क्षितिजा बोट ठेवून वाचत होती. मोठ्यानं, अडखळत. अंगणात दुसरा आवाज नव्हता. शेवटच्या पानावर ती एकदम ओरडली, "आई! या पिवळ्या रेनकोटवालीनंच वादळ्याला कोंडलं होतं! बाहेरून कडी लावली तिनं! आणि चोविसात त्यानं हिलाच वाचवलं!"

"हो?" मेघना म्हणाली.

"पण तिनं का कोंडलं? खाली लिहिलंय, पाहा अंक एकोणीस." तिनं पिशवीत हात घातला, आणि मग मध्येच थांबली. तिनं कुंपणापाशी उभ्या आजोबांकडे पाहिलं, परडीतली माती लागलेली फुलं निवडणाऱ्या काकींकडे पाहिलं, आणि आईच्या ओल्या पदराला धरून हळूच विचारलं,

"आई, आणि आपलं नि यांचं भांडण... ते कुठून वाचायचं?"