बँडमास्तरचं दार

आमच्या घरी एखाद दिवस देवपूजा चुकेल, ह्यांचा सिनेमा चुकत नाही. हे, म्हणजे अरविंद देवपुजारी, सिंचन खात्यातून निवृत्त झाले आणि भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या मराठी मंडळात त्यांनी चित्रपट महोत्सव सुरू केला. यंदा नववं वर्ष. सरकारी नोकरीत कुणाला एक नियम लावता आला नाही, त्याचा सगळा वचपा इथे काढला. सिनेमा सहाला म्हणजे सहाला. दिवे गेले की दार बंद, बाहेर कुणीही असो. शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही. आणि दारावर मी, कारण बाकीचे भिडेखातर उघडतात, असं ह्यांचं म्हणणं.

मागच्या वर्षी मंजूषा साकेत नगरहून चार मिनिटं उशिरा आली, तर मी तिला परत पाठवलं. इतक्या वर्षांची मैत्रीण, पण तेव्हापासून हळदीकुंकवाला माझ्याशेजारी बसत नाही.

यंदा ह्यांनी एका संग्राहकाच्या हातापाया पडून एका बँडमास्तरचा जुना सिनेमा मिळवला, एकदाच दाखवायच्या अटीवर. नागपूरला नऊ वर्षांचे असताना गणपतीत पडद्यावर तो पाहिलेला. रागाने घर सोडून गेलेला बँडमास्तर वीस वर्षांनी परत येतो, दार वाजवतो, आणि नेमके तिथे लाइट गेले. बायकोने दार उघडलं की नाही, हे ह्यांना बासष्ट वर्षांत कळलं नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, तू काय केलं असतंस? मी म्हटलं, आधी भाजी आणायला पाठवलं असतं.

प्रमुख पाहुणे होते चार इमलीतल्या सरकारी बंगल्यातले एक बडे साहेब. सहा वाजले तरी त्यांचा पत्ता नाही. सचिव तुषार म्हणाला, थांबू या थोडं, भोपाळात पाहुण्यांसाठी सगळेच थांबतात. ह्यांनी त्याला घड्याळ दाखवलं आणि सिनेमा सुरू करायला लावला. मग साहेबांना घ्यायला फाटकावर कोण थांबणार, तर अध्यक्षच. तिथपर्यंतचा मला पाठच आहे, म्हणत हे गेले. साहेब उगवले साडेसातला. हार घालून झाला आणि दोघे बंद दारापाशी आले.

मी आतून दाराला पाठ टेकून उभी. साहेब म्हणाले, “खुलवाइए.”

“नहीं सर,” हे म्हणाले. “नियम है. मैंने ही बनाया है.”

मला वाटलं, साहेब आता तणतणत गाडीत बसणार. पण त्यांनी विचारलं, आत असं आहे तरी काय. झालं, हे सिनेमा सांगू लागले. पस्तीस वर्षं भोपाळात काढूनही ह्यांची हिंदी नागपूरहून पुढे सरकलेली नाही. पण बँडमास्तरचा राग, त्याने खुंटीवर टांगून ठेवलेली टोपी, वीस वर्षं ती टोपी झटकणारी बायको, सगळं अगदी जसंच्या तसं. मी एक कान आत आणि एक बाहेर ठेवून ऐकत होते.

“फिर वो दरवाज़ा बजाता है,” हे म्हणाले. “आगे का मुझे मालूम नहीं, सर.”

“तो यहाँ क्यों खड़े हैं?”

“पिछले साल एक बहनजी को लौटाया था. अब खुद कैसे घुस जाऊँ?”

तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं. बाहेरून मात्र कुणी वाजवलं नाही. पडद्यावरचा माणूस दार ठोठावत होता आणि माझा माणूस नियम पाळत होता. मला ह्यांचा भयंकर राग आला, आणि तितकंच प्रेमही आलं.

मंजूषा यंदा पाच वाजताच येऊन दारालगतची खुर्ची धरून बसली होती, त्यामुळे तिनेही सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. आता दहा वर्षं टोमणे ऐकून घ्यावे लागणार, अशी मी मनाची तयारी केली. तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

पडद्यावरच्या बाईने दार उघडलं की नाही, ते मी सांगणार नाही. तो नियम अजून आहे. मी उघडलं.