आत्याचा हक्क

आतेलाइतेने तारोच्या कंदाचा शेवटचा तुकडा नारळाच्या रसात बुडवला, तोंडात टाकला आणि बोट चाटत सांगितलं, "गुरुवारी मी जाताना फिनाउला घेऊन जाते. राहील टोंगाला माझ्यापाशी. तुझं शिकणं संपलं की बघू."

रविवारचं जेवण तिथेच संपलं. आम्हा टोंगन लोकांत बापाची बहीण मागते आणि बाकीचे देतात. डुकराचा चांगला वाटा, लग्नातली सगळ्यात मऊ चटई, आणि मनात आलं तर भावाचं मूलसुद्धा. ऑकलंडला येऊन किती वर्षं झाली, पण हा कायदा काही वाटेत समुद्रात पडला नाही. फिनाउचा बाप पेनी तर रीतीप्रमाणे बहीण असेल त्या खोलीत बसतही नाही, मग तिला उलट काय बोलणार? तो मागच्या अंगणात, जेवण भाजलं त्या भट्टीच्या खड्ड्यातले गार झालेले दगड उगाच उलथत होता.

"संपलं की म्हणजे कधी, वन्सं?" फिनाउच्या आईने, लेसिएलीने विचारलं.

"ते तुला माहीत. लोकांना एकदा डॉक्टर झालेलं पुरतं. तुला दोनदा व्हायचंय."

ते मात्र खरं होतं. लेसिएली सकाळी वॉर्डात डॉक्टरकी शिकायची आणि दुपारी पीएचडीच्या कामाला जुंपून घ्यायची. विषय आमच्याच पोरांचा: घसा दुखतो, ताप येतो आणि तो ताप हृदयाची झडप खातो. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर मूल वाचतं. तरी पोरं इंजेक्शन चुकवतात, ती का, हे विचारत ती दारोदार हिंडायची. घरी यावं तर दोन वर्षांची फिनाउ प्रबंधाच्या कागदांवर आंबा चोखत बसलेली. नणंद थोडी मऊ असती तर बरं झालं असतं, पण आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.

"तुम्ही मागितलंत, मी ऐकलं," लेसिएली म्हणाली. "मी हो म्हटलेलं नाही."

"तुला विचारलंय कुणी?" आतेलाइते म्हणाली आणि तिने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी पीएचडीची वार्षिक तपासणी. पाळणाघरापाशी पोचावं तर दाराला कुलूप. शिक्षिकांचं प्रशिक्षण होतं. आठवडाभर सूचना दारावर लटकत होती म्हणे, दोन-दोन शिक्षणं करणाऱ्या बाईने ती वाचली नव्हती. पेनी पहाटेच विमानतळावर सामान चढवायच्या कामावर गेलेला. मुलीला घरी आत्याजवळ सोडावं, तर परत येईतो तिची बॅग भरलेली सापडायची. लेसिएलीने दोघींनाही गाडीत घातलं.

तपासणीच्या खोलीत तिघे परीक्षक होते. आतेलाइते मागच्या खुर्चीत फिनाउला मांडीवर घेऊन राणीसारखी बसली. लेसिएलीने आपलं म्हणणं मांडलं. दवाखाना फोन करतो आईला, आणि घरात शब्द चालतो आत्याचा. आत्याला कुणी विचारतच नाही, म्हणून इंजेक्शन चुकतं. मागून खुर्ची करकरली.

"काम उत्तम आहे," प्रमुख परीक्षक व्हिटकॉम म्हणाले. माणूस भला होता, हीच तर अडचण. "पण आम्हाला तुझी काळजी वाटते. मूल इतकं लहान. घरी मदत दिसत नाही. संशोधन आत्ता सोडून दे. डॉक्टर तर तू होशीलच."

सगळ्यांनी मायेने माना हलवल्या. दोन वर्षं लेसिएली याच मायेला घाबरत आली होती. कुणी शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं. तेवढ्यात फिनाउ मांडीवरून उतरली, टेबलाखालून आली आणि आईचा झगा ओढू लागली. लेसिएलीने तिला कडेवर घेतलं.

"सर, तुम्हालाही तीन मुलं आहेत. तुमच्या पीएचडीच्या वेळी ती सांभाळायला कोण आहे, असं तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

उत्तराची वाट न बघता तिने मागे बोट दाखवलं.

"आणि घरी मदत आहे. ती मागे बसलीय. माझी नणंद. तिला माझी मुलगी न्यायचीय, तुम्हाला माझं काम. दोघंही माझ्याच भल्यासाठी. मी दोन्ही देणार नाही. थकेन, ओरडेन, कधी मुलीला नुसती बिस्किटं चारून झोपवेन. पण देणार नाही. काम वाईट असेल तर नापास करा. काम चांगलं असेल तर मला घरी पाठवण्याचा विषय पुन्हा काढू नका."

इंग्रजीतच बोलली ती, आणि आतेलाइतेला इंग्रजी चांगलं कळत होतं. वहिनी नणंदेला परक्यांसमोर नाही म्हणाली, असं आमच्या सात पिढ्यांत घडलं नसेल. घडून गेलं.

परीक्षकांनी बाहेर थांबायला सांगितलं, मग आत बोलावलं. काम पुढे चालू ठेवा, म्हणाले. परतीच्या वाटेवर आतेलाइते खिडकीबाहेर बघत बसली. मंगळवारी बोलली नाही, बुधवारीही नाही. लेसिएली मात्र रोज मुलीला जवळ घेऊन झोपली आणि दाराला कडी लावायला विसरली नाही.

गुरुवारी बॅगा दाराशी आल्या. आतेलाइते घरभर फिरली. हक्क होता तिचा, रिकाम्या हाताने ती जाणार नव्हती. फिनाउ समोर आली तेव्हा ती थांबली. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेली. बैठकीतलं कपाट उघडून तिने तळातली चटई काढली. लेसिएलीच्या आईने मरण्याआधी विणलेली, पदवीच्या दिवशी आमच्या रीतीने लेकीच्या कमरेला गुंडाळायची.

"ही नेते," आतेलाइते म्हणाली.

लेसिएलीने मुलीकडे पाहिलं, मग चटईकडे. आणि मान खाली घालून म्हणाली, "न्या, वन्सं."

आतेलाइतेने चटई काखेत मारली. दारात वळली. "तुझी पदवी असेल तेव्हा घेऊन येईन. तुझ्या कमरेला मीच बांधणार. तुला मेलीला नीट बांधताही येत नाही."

"वन्सं," लेसिएली मान ताठ करून म्हणाली, "पदव्या दोन आहेत. दोनदा यावं लागेल."

आतेलाइतेने तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही भुवया वर केल्या. आमच्यात त्याला हो म्हणतात.