टेलरबाईंची कुऱ्हाड

टेलरबाईंचा नवरा गेला त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता, आणि त्यांच्या धाकट्या दिराची पक्की समजूत झाली होती की या घरातली चूल आपल्याच जिवावर पेटते. दर रविवारी तो भावाचीच कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकडं फोडायला यायचा. दोन ओंडके फोडले की बसायचा दम खायला. दम खाताना भाषण, मग जेवण, मग डुलकी. गेल्या रविवारी तर त्यानं कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी नसतो तर या दोघी गारठून मेल्या असत्या!"

दोघी म्हणजे टेलरबाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई पायांनी थकलेल्या, पण जिभेनं ऐन तारुण्यात. "मेले असते तर निदान हे ऐकावं लागलं नसतं," असं त्या म्हणाल्या. पण लेक पोटचा, म्हणून तो गेल्यावर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिलाईचं दुकान उघडायच्या आधी टेलरबाई हार्डवेअरवाल्याकडे गेल्या.

"कुऱ्हाड दाखवा."

"साहेबांना पाठवा ना ताई. हातात तोलून घ्यावी लागते."

"साहेब वर गेलेत."

"मग खाली आले की पाठवा."

"ते खाली आले तर तुम्ही दुकान टाकून पळाल."

दुकानदारानं लगेच कुऱ्हाड काढून दिली.

संध्याकाळी मागच्या अंगणात शिक्षण सुरू झालं. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. पहिला घाव ओंडक्याला चुकवून थेट मातीत. "विहीर खणतेस का गं?" सासूबाईंनी विचारलं. दुसऱ्या घावाला ओंडक्याच्या कडेची ढलपी उडाली आणि दोरीवर वाळणाऱ्या सासूबाईंच्या परकरातून आरपार गेली.

"नेम चांगलाय. मी आत नव्हते, एवढंच चुकलं."

तिसऱ्या घावाला पातं मधोमध रुतलं ते रुतलंच. टेलरबाईंनी कुऱ्हाड उचलली, तर ओंडकाही बरोबर उचलला गेला. तो तसाच घेऊन त्या अंगणभर आपटत फिरल्या. नवरा लाकडं फोडताना ज्या शिव्या द्यायचा, त्या सगळ्या त्यांनी आठवून आठवून दिल्या. एका शिवीचा उच्चार सासूबाईंनी सुधारून दिला.

शेवटी कशीबशी कुऱ्हाड सुटली. घामाघूम होऊन त्या ओंडक्याशेजारी टेकल्या आणि त्याच्या कापलेल्या तोंडावरून सहज हात फिरवला. बोटांना बारीक भेग लागली, मधून निघून कडेपर्यंत गेलेली. आयुष्य कापडात गेलेलं. सुताच्या दिशेनं कापड टर्रकन फाटतं, आणि आडवं ओढलं की हट्टाला पेटतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आपण मघापासून या भेगेला आडवंच हाणत होतो की!

त्यांनी ओंडका वळवून भेग सरळ आपल्यासमोर आणली. पाय फाकवून उभ्या राहिल्या. या वेळी जोर न लावता कुऱ्हाड तिच्याच वजनानं खाली येऊ दिली. फट्! दोन फाका दोन बाजूंना पडल्या.

"योगायोग," सासूबाई म्हणाल्या.

फट्!

"हाही."

आठवडाभर रोज संध्याकाळी हेच चाललं. तळहाताला फोड आले, सुईत दोरा ओवता येईना आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला गेला. पण भिंतीपाशी लाकडांचा ढीग लागला.

रविवारी दीर आला तो ढीग बघून थबकला. "कोणी फोडली ही?"

"आईंनी," टेलरबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी दंड फुगवून दाखवला.

"चेष्टा पुरे. आणा ती कुऱ्हाड, वहिनी. नवं पातं असं कोणाच्याही हातात बरं नाही." बाजूला टाकलेला एक जाडजूड ओंडका त्यानं ओढून घेतला.

"भाऊजी, त्याला गाठ आहे. म्हणून तर मी..."

"गाठीबिठी मला नका शिकवू!"

त्यानं जीव खाऊन घाव घातला. पातं पार गळ्यापर्यंत आत गेलं. त्यानं ओढलं, हिसडलं, लाथ मारली, शेवटी ओंडक्यावरच बैठक मारून दांडा खेचू लागला.

"बाळा," सासूबाई म्हणाल्या, "तिथंच संसार मांडतोस का?"

टेलरबाईंनी त्याला उठवलं, दांड्याच्या टोकावर तळहातानं वरून दोन दणके दिले आणि कुऱ्हाड सोडवली. दीर पायरीवर जाऊन बसला. पहिल्यांदाच दम खाताना गप्प बसला. मनगट चोळत म्हणाला, "मग आता मी यायचं नाही का? घरी बायको ऐकत नाही, पोरं तर कानात वायरी घालून बसतात."

टेलरबाईंना दया आली. फार नाही, थोडी.

"या की. जेवा, बोला. पण बोलता बोलता हात चालवा. फोडलेली लाकडं नीट रचायला माणूस हवाच आहे."

तो उठला. पहिली ओळ रचून होते न होते तोच त्याला कंठ फुटला. फोडणं काय, कोणीही फोडतं, खरी कला रचण्यात असते! सासूबाईंनी खुर्ची आत ओढून घेतली.

मंगळवारी दिरानं रचलेली रास धडाडधूम कोसळली. टेलरबाईंनी ती पुन्हा रचली आणि कोणापाशी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी मात्र लगेच लेकाला फोन लावला.