ताडावर अडकलेला बाबल्या आणि सोड्यात बुडालेली मी

मी एक जुनी किडनी आहे. डावी. मित्रांनो, नाकं मुरडू नका, तुमच्याकडेही माझ्यासारख्या दोन आहेत.

माझा मुक्काम सरावलीच्या बाबल्याच्या पाठीत. तो ताडावर चढून ताडी काढतो, मी त्याचं रक्त गाळते. रक्तात आम्ल वाढलं की मी ते लघवीतून हाकलते, आम्लाच्या उलटा असतो तो खार वाढला की खार हाकलते. फुप्फुसंही श्वास कमी-जास्त करून हाच तोल सांभाळतात. त्यांचं काम मिनिटांत होतं, मला दिवस लागतात. म्हणून ती हुशार आणि मी आळशी!

पण खरा वैरी बाबल्याच. मडक्याला आतून चुना फासला की ताडाचा रस लवकर आंबत नाही, हे त्याला बापाने शिकवलेलं. यंदा चैत्रात छातीत जळजळ सुरू झाली आणि त्याला अक्कल फुटली.

"मडक्याला चुना, तर पोटाला सोडा!"

झालं. खायचा सोडा, म्हणजे निव्वळ खार, चमचा-चमचा, दिवसातून सहा वेळा. ढेकर असा यायचा की अंगणातल्या कोंबड्या पळायच्या.

"पोट म्हणजे मडकं वाटलं का रे तुला?" त्याची बायको शुक्री खेकसायची.

"वेगळं काय आहे? वरून ओतायचं, आत साठतं."

मी बिचारी रात्रंदिवस सोडा बाहेर ओतत होते. मग त्याला उलट्या लागल्या. पोटातलं आम्ल गेलं, पाणी गेलं, मीठ गेलं. आता पाणी-मीठ वाचवायला गेले, की सोडाही परत रक्तात ओढला जातो. माझी घडणच तशी! ज्याला हाकलत होते त्यालाच मी आत घेत बसले.

तशातच दुसऱ्या सकाळी हा गडी ताडावर चढला. शेंड्याजवळ पोचला आणि रक्तात खार फार झाल्याने बोटांना मुंग्या आल्या. बोटं कावळ्याच्या चोचीसारखी आखडली. ताडाला कोपरांनी मिठी मारून तो बोंबलायला लागला.

"मेलो गे शुक्रे! हात उघडंनात!"

घाबरून तो भसाभसा श्वास घेऊ लागला. हुशार फुप्फुसांनी उरलंसुरलं आम्लही वाऱ्यावर उडवलं. बोटं आणखी आवळली. कोपर सुटलं असतं तर खेळ खलास होता.

खाली शेजारचा काकड्या सोड्याची पुडी मुठीत धरून चढायला निघाला. "वहिनी, एक चमचा देतो. हात मोकळे होतील."

शुक्रीने पुडी हिसकली आणि शेणात फेकली. "दोर घेऊन जा, मुडद्या!" मग वर बघून ओरडली, "आणि तू! तोंड बंद कर! एक शब्द नको!"

बाबल्या बायकोला भितो. त्याने तोंड मिटलं. नाकाने श्वास हळू झाला, आम्ल थोडं आत राहिलं, बोटं जराशी सैल पडली. तेवढ्यात काकड्याने वर चढून त्याच्या कमरेला दोर बांधला आणि पोत्यासारखं खाली सोडलं.

दवाखान्यात सलाईन लागलं. पाणी-मीठ मिळताच मी दोन दिवस नुसता सोडा बाहेर फेकत होते. बाबल्या गावभर सांगतो, "डॉक्टरने वाचवलं." काकड्या सांगतो, "दोराने." फुप्फुसं तर फुगूनच बसलीत.

मित्रांनो, मला हार-तुरे नकोत. जळजळ झाली तर डॉक्टरकडे जा. मला पाणी पाजा, आणि सोडा भज्यांच्या पिठात घाला.