नवशाचा विसावा

रुग्ण वाहून नेण्याच्या शास्त्रात पदवी देणारं देशातलं पहिलं कॉलेज लोणावळ्यात निघालं, ही घटना इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिली जायला हवी होती. ती साध्या शाईनेही लिहिली गेली नाही, कारण विद्यापीठाने त्या पदवीला मान्यता दिलेली नव्हती. आमच्या प्राचार्यांनी ती मागितलीही नव्हती. आधी पदवी देऊ, मान्यता मागून येईल, असा त्यांचा हिशेब होता.

साल एकोणसाठ. तेव्हा घाटात ट्रक उलटला की लोक धावत जायचे आणि जखमी माणसाला हातापायांना धरून उचलायचे. ट्रकने जे धड ठेवलेलं असे ते या उचलण्यात मोडायचं. हे थांबवण्यासाठी एका भाड्याच्या बंगल्यात आमचा वर्ग भरू लागला. इंटरला गचकलेली आम्ही पोरं लोणावळ्याच्या धुक्यात एकमेकांना पट्ट्या बांधायचो. पावसाळ्यात त्या धुतलेल्या पट्ट्या वाळत नसत, म्हणून माळी त्या शेगडीवर धरायचा. आजही धुराचा आणि आयोडीनचा वास एकत्र आला की माझा घोटा उगाच दुखतो, आणि ते दुखणंही बरं वाटतं.

हा माळी म्हणजे नवशा, आमचा कायमचा रुग्ण. मळवलीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी होती. रोज सकाळी झाडांना पाणी घालून झालं की तो वर्गाच्या दारात उभा राहायचा.

"मास्तर, आज माजं काय मोडलंय?"

"मांडी."

"परवाच मोडलीती की! बरी व्हऊ द्या जरा."

चहा आणि पाव मिळाला की नवशा काहीही मोडून घ्यायचा. विव्हळायचा तर इतका झकास, की शेजारच्या बंगल्यातल्या पारशीणबाई एकदा खरंच ब्रँडी घेऊन आल्या. तेव्हापासून त्याचं विव्हळणं वाढलं.

वर्गात अभ्यास मनापासून करणारा एकच होता, मेहबूब. त्याचे वडील, गफूरचाचा, स्टेशनावर टांगा चालवत. मेहबूबचं लग्न तळेगावच्या उम्मेहानीशी ठरत आलं होतं, पण तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, "मुलगी टांग्यात देणार नाही. रेल्वेत लागला तर बोला." रेल्वेच्या प्रथमोपचार खोलीत एक जागा निघणार होती आणि तिला आमच्यासारखं काहीतरी प्रमाणपत्र लागत होतं. आम्ही नापास झालो असतो तर घरी परत गेलो असतो. मेहबूब नापास झाला असता तर उम्मेहानी सोमाटण्याच्या लाकूडवाल्याकडे गेली असती. तोही तयारच होता.

प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला पुण्याहून एक निवृत्त लष्करी डॉक्टर आले. मिशा पांढऱ्या, आवाज तोफेचा. म्हणाले, "बंगल्याच्या हिरवळीवर कोण मरतं? मला डोंगर दाखवा."

नवशाने लगेच हात वर केला. "आमची वाडी हाय की सायेब! लय झ्याक डोंगुर."

नंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "वाडीवाल्यास्नी बी दिसू द्या एकदा. चार शिकल्याली मान्सं नवशाला खांद्यावर नेत्यात म्हनून."

पेपर असा होता: रुग्ण हिरड्याच्या झाडावरून पडला आहे, उजवा हात मोडला आहे, डोक्याला मार लागून तो बेशुद्ध आहे. वाडीपासून मळवलीच्या दवाखान्यापर्यंत सुखरूप आणा. डॉक्टर दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसणार होते. मेहबूब आमचा पथकप्रमुख.

त्याने नवशाचा हात फळ्या लावून बांधला, गळ्यात झोळी अडकवली, डोक्याला पट्ट्या गुंडाळल्या. कॉलेजकडे खरं स्ट्रेचर नव्हतं. दोन बांबूंना पांढरं मांजरपाट ताणून आम्हीच केलं होतं. ते नेमकं कशासारखं दिसत होतं, हे तेव्हा कुणी बोललं नाही. पायवाट अरुंद, म्हणून चौघांनी खांद्यावर घेतलं. नवशा डोळे मिटून, चेहऱ्यावर कमालीचं समाधान घेऊन बेशुद्ध पडला होता.

पुस्तकात असा नियम होता की उतारावर पुढच्यांवर भार पडतो, तेव्हा अर्ध्या वाटेत स्ट्रेचर खाली ठेवून वाहकांनी जागा बदलाव्यात. त्या उतारावर सपाट जागा एकच होती, एका आंब्याखालचा मोठा दगड. मेहबूब तिथे थांबला.

"खाली घ्या! पुढचे मागे, मागचे पुढे!"

मेहबूबच्या घरी जनाजा वाटेत खाली ठेवत नाहीत, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्हा बाकीच्या तिघांना मात्र ती जागा बघताच कळली. वाडीत कुणी गेलं की तिरडी याच दगडावर विसाव्याला टेकवतात आणि खांदेकरी पुढचे मागे होतात. पण पुस्तकाप्रमाणे वागलं की गुण मिळतात, एवढंच वर्षभर शिकलो होतो. आम्ही जागा बदलल्या.

खालच्या बांधावर नवशाची सासू चिमाबाई गवत कापत होती. तिने वर बघितलं. आंब्याखाली पांढऱ्या कापडात जावई, आणि खांदेकरी जागा बदलताहेत.

"आगं बया! माजा जावाय गेला गंऽऽ!"

सासूचा आवाज नवशाला बेशुद्धीतही ओळखू आला. त्याने डोळे उघडले. वर आंबा दिसला, पाठीखाली दगड लागला.

"आरं हितं कशापायी ठिवलं रं मला?" तो ताडकन उठून बसला. "म्या जित्ता हाय!"

तिरडीवरचा जावई उठून बोलतोय म्हटल्यावर चिमाबाईने दुप्पट मोठ्याने बोंब ठोकली. वरून वाडी धावत निघाली.

"नवशा, झोप!" मेहबूब रडकुंडीला आला. "तू बेशुद्ध आहेस! माझं लग्न आहे!"

"तुजं लगीन व्हईल रं, माजं आत्ताच उरकत व्हतं!"

एवढं बोलून नवशा उतारावरून सुसाट सुटला. मागे मेहबूब, त्याच्यामागे रिकामं स्ट्रेचर घेऊन आम्ही, आणि आमच्यामागे अर्धी वाडी.

दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टरांनी घड्याळातून मान वर केली, तर समोर रुग्ण एकटाच, धापा टाकत.

"तू कोण?"

"पेशंट."

"आणि उचलणारे?"

"मागनं येत्यात."

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर नवशाचा हात चाचपत होते. डोक्याची पट्टी गळ्यात आली होती, पण हाताच्या फळ्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी एक गाठ ओढून बघितली. ती सैल होईना. शेवटी कात्री मागवावी लागली.

"हे कुणी बांधलं?"

मेहबूबने मान खाली घालून हात वर केला.

"एवढ्या धावपळीत टिकलेलं बांधकाम मी आघाडीवरही पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हा पास. बाकीच्यांनी पेशंट पळवला."

कॉलेज त्याच वर्षी बंद पडलं. बंगल्यात आता कुणाची तरी सुट्टी राहते. चिमाबाई पुढे कितीतरी वर्षं जावयाला हात लावून बघितल्याशिवाय जेवायला वाढत नसे. मेहबूब ते प्रमाणपत्र घेऊन रेल्वेच्या साहेबांकडे गेला. साहेबांनी ते उलटसुलट करून बघितलं, विद्यापीठाचा शिक्का शोधला, आणि मग टेबलाखालचं एक सुटलेलं गाठोडं पुढे सरकवून म्हणाले, "बांधून दाखव."

उम्मेहानीशी त्याचं लग्न झालं. नोकरी पार्सल ऑफिसात लागली.