बिशपसाहेबांनी नापास केलेलं गीत

आमचे बिशप सेप्टिमस हॅलोज यांनी आयुष्यात सहाशे बारा भक्तिगीतं लिहिली. देवाला ती पाठ असतील. माणसांपैकी कुणालाच नव्हती, खुद्द साहेबांनाही नाही. मी त्यांचा चिटणीस. गीतांच्या प्रती मीच उतरवून काढायचो, तेव्हा हे अधिकारानं सांगतो.

प्रांतासाठी नवं गीतपुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा साहेबांनीच नियम घातला. कवीचं नाव झाकून गीत वाचायचं, म्हणजे कुणाची भीड नको. आणि पुस्तकात नसलेलं गीत प्रांतातल्या कुठल्याच चर्चमध्ये म्हणायचं नाही. नावांची यादी फक्त माझ्याकडे.

शेवटच्या बैठकीत मी वेल्डनी गावाच्या पाळकांनी पाठवलेलं गीत वाचलं. समुद्रात गेलेल्या मुलाबद्दल होतं. यमकं लंगडी होती.

"हे कुणी लिहिलंय हो?" चहात बिस्किट बुडवत साहेब म्हणाले. "याच्या हातातला टाक काढून घ्या आणि फावडं द्या."

सगळे हसले. मीही हसलो. यादीत त्या गीतापुढे साहेबांचंच नाव होतं. सांगायला हवं होतं. पण मला कॅथेड्रलमधली नोकरीची एक रिकामी जागा हवी होती, ती देणं साहेबांच्या हातात, आणि जागेपुढे शहाणपण चालत नाही. गीत नापास झालं.

पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात वेल्डनीहून केझाया ब्लॉय आली. कोळ्याची विधवा, सत्तरीची. मागच्या दारानं यायचं असतं हे तिला माहीत असावं, पण आली पुढच्याच दारानं.

"साहेब, आमचे पाळक म्हणतात, जेबेझचं गीत आता म्हणायचं नाही. पस्तीस वर्षं, तो बुडाला त्या दिवशी, दरसाल म्हणतोय आम्ही. माझ्या लेकाला थडगं नाही. समुद्रानं दिलाच नाही परत. ते गीत तेवढं आहे."

साहेबांनी तिनं आणलेला कागद वाचला. "बाई, गीत फार कच्चं आहे. थांबा, मी नवं देतो लिहून."

आणि दिलंही, पंधरा मिनिटांत. केझायानं ते ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि परत केलं.

"छान आहे. कुठं अडत नाही."

"मग?"

"जुनं लिहिणारा अडत होता. माझ्या चुलीपाशी बसून, नाक पुसत लिहिलं त्यानं. कोवळा पाळक होता, नवाच आलेला. दोन दिवस होडीतून माझ्या लेकाला शोधत फिरला. चिंब भिजलेला, कुडकुडत होता. मीच जेबेझचा सदरा घातला त्याला."

साहेबांनी तो जुना कागद पुन्हा उचलला. मला माझी लाज वाटत होती आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाह्यांना आखूड होता तो सदरा," साहेब हळूच म्हणाले.

"सोळाचा तर होता माझा जेबेझ."

साहेबांनी परवानगी लिहायला कोरा कागद पुढं ओढला. टाक बुडवताना शाई सांडली.

"राहू द्या हो," केझाया उठत म्हणाली. "रविवारी त्याचा दिवस, आम्ही ते म्हणणारच आहोत. पस्तीस वर्षांत एकदाही आला नाहीत, आता यायचं तर या. फक्त ते पुस्तक आणू नका."